‘स्मरणशक्ती तर छान आहे’ म्हणून गाफील राहू नका: मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आजारात घरच्यांकडून होणाऱ्या चुका

बाबांची स्मरणशक्ती उत्तम आहे, असं आम्ही दीड वर्ष येईल त्याला सांगत होतो. खोटं नव्हतं ते. जुन्या सहकाऱ्यांची नावं, कुणाचं लग्न कुठल्या साली झालं, सगळं तोंडपाठ. फक्त आठवड्याच्या गोळ्या डबीत भरायला बसले की तास जायचा. एका रविवारी मी शेजारी बसून पाहिलं. बीपीची गोळी कुठली, शुगरची कुठली, त्यांनी बिनचूक सांगितलं. मग एक गोळी गुरुवारच्या खणात टाकली, थांबले, परत सोमवारपासून मोजायला लागले आणि त्याच खणात तीच गोळी पुन्हा टाकली. गोळ्या ओळखता येत होत्या, कामाचा क्रम सुटत होता.

फक्त विसरण्याकडे लक्ष ठेवणं

आमची पहिली चूक हीच. डिमेन्शिया, म्हणजे रोजचं जगणं अडेल इतकी बुद्धी ढासळणं, म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो अल्झायमर. त्यात बहुधा ताज्या आठवणी आधी पुसल्या जातात. रक्तवाहिन्यांच्या आजारात सुरुवात बऱ्याचदा वेगळी असते. विचारांचा वेग मंदावतो, एकाच वेळी दोन कामं जमत नाहीत, हिशेब किंवा प्रवासाची आखणी अर्ध्यावर अडकते.

कारण मेंदूच्या रचनेत आहे. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम 2 टक्के, पण प्राणवायू तो 20 टक्क्यांच्या आसपास घेतो. मोठ्या धमन्यांमधून अगदी बारीक फांद्या फुटून आतल्या पांढऱ्या भागात खोलवर जातात. हा पांढरा भाग म्हणजे मेंदूच्या वेगवेगळ्या केंद्रांना जोडणाऱ्या तारा. वर्षानुवर्षं वाढलेलं बीपी, शुगर आणि धूम्रपान यांनी त्या फांद्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात. एक फांदी बंद पडली तर तिथे रक्त पोचवायला दुसरी वाट जवळजवळ नसतेच. मग 3 ते 15 मिलिमीटरचे छोटे खड्डे पडतात, आणि बहुतेक वेळा कुणाला पत्ताही लागत नाही. केंद्रं शाबूत राहतात, त्यांच्यातला निरोप उशिरा पोचतो.

म्हणून आठवणींचं एक वैशिष्ट्य पाहून ठेवा. “सकाळी कोण आलं होतं?” असं विचारलं की बाबा म्हणायचे, “नाही बुवा आठवत.” “दार दुरुस्त करायला...” एवढं म्हटलं की लगेच, “अगं हो, सुतार!” खूण दिली की आठवण वर येत असेल, तर ती साठवलेली आहे, फक्त काढायला अवघड जाते आहे. हा काही निदानाचा पक्का नियम नाही, पण डॉक्टरांना जरूर सांगण्यासारखी गोष्ट आहे. नुसते तारीख-वार विचारणाऱ्या चाचणीत अशी माणसं सहज पास होतात. नियोजन आणि वेग तपासणारी चाचणी, उदाहरणार्थ घड्याळ काढायला लावणारी ‘मोका’, करता येईल का, असं विचारा.

वागण्यातल्या बदलाला ‘आळस’ म्हणणं

याचं मला आजही वाईट वाटतं. बाबांनी वाचन सोडलं, फोन करणं सोडलं, दिवसभर खुर्चीत बसून राहायला लागले. आम्ही त्यांना टोचून बोललो. ही उदासीनता आजाराचाच भाग असू शकते. सोबत नैराश्यही असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. साध्या गोष्टीवर अनावर रडू येणं हेही यातलंच. याच्या जोडीला पावलं आखूड पडायला लागली, पाय जमिनीला चिकटल्यासारखे वाटायला लागले किंवा लघवीची घाई होऊन थांबवेना, तर ही तीन वेगळी दुखणी समजून तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जाऊ नका. एकाच डॉक्टरांना तिन्ही सांगा. चालण्याचा मोबाइलवर काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ फार उपयोगी पडतो.

दहा मिनिटांत बरं वाटलं म्हणून घरी थांबणं

तोंड वाकडं होणं, एका हातातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, एका डोळ्यासमोर अंधार येणं, हे आपोआप थांबलं तरी तो इशाराच असतो. यानंतर मोठ्या स्ट्रोकचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. लक्षणं सुरूच असतील तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. नातेवाइकांना फोन नंतर करा, आधी रुग्णवाहिका बोलवा.

बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करणं

नॉर्मल आलं ते गोळीमुळेच. बीपी हा या आजारातला आपल्या हातात असलेला सर्वांत मोठा धागा आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्प्रिंट माइंड’ या अभ्यासात 9,361 लोक होते. वरचं बीपी 140 च्या खाली ठेवलेल्या गटापेक्षा 120 च्या खाली आणण्याचं लक्ष्य ठेवलेल्या गटात सौम्य बौद्धिक घसरण सुमारे 19 टक्क्यांनी कमी आढळली. डिमेन्शियाच्या बाबतीत मात्र फरक ठामपणे सिद्ध झाला नाही. शिवाय मधुमेह असलेले आणि आधी स्ट्रोक झालेले लोक त्या अभ्यासात नव्हते. त्यामुळे 120 हा आकडा स्वतःच्या मनाने सगळ्यांना लावायचा नाही.

उलट बाजूची चूकही होते. उठल्यावर चक्कर येत असेल तर बसून आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत, असं दोनदा बीपी मोजा. उभं राहिल्यावर वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त घसरला तर तो लिहून डॉक्टरांना दाखवा. डोस कमी करायचा की वेळ बदलायची, ते डॉक्टर ठरवतील.

नाडी अनियमित लागत असेल तर ईसीजी काढा. हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे गुठळ्या होतात, आणि त्यावर दिलेली रक्त पातळ करणारी गोळी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून चुकवायची नसते.

मनाने ॲस्पिरिन किंवा ‘बुद्धीची गोळी’ सुरू करणं

स्ट्रोक होऊन गेलेल्यांना ॲस्पिरिन अनेकदा दिली जाते, ती गोष्ट वेगळी. पण ‘ॲस्प्री’ अभ्यासात 19,114 निरोगी ज्येष्ठांपैकी ज्यांना रोज 100 मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिली, त्यांची डिमेन्शियाशिवायची, धडधाकट वर्षं वाढली नाहीत. गंभीर रक्तस्राव मात्र वाढले. जिंको या झाडाच्या पानांच्या अर्काच्या गोळ्यांचंही तेच: तीन हजारांहून अधिक ज्येष्ठांच्या चाचणीत त्यांनी डिमेन्शिया रोखला नाही. तेच पैसे चांगल्या बीपी यंत्रावर खर्च करा.

स्कॅनचा चुकीचा अर्थ लावणं

‘सीटी नॉर्मल’ म्हणजे मेंदू निर्धोक, असं नाही. बारीक रक्तवाहिन्यांमुळे झालेलं नुकसान एमआरआयमध्ये कितीतरी स्पष्ट दिसतं. पण एमआरआयच्या रिपोर्टमध्ये पांढरे ठिपके लिहिलेले पाहून घाबरूनही जाऊ नका. साठीनंतर थोडेफार ठिपके पुष्कळांना असतात. ते किती आहेत, कुठे आहेत आणि माणसाला रोजच्या जगण्यात काय अडतंय, हे एकत्र पाहावं लागतं. उतारवयात अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांचा आजार दोन्ही एकत्र असणं अगदी नेहमीचं आहे.

अचानक झालेल्या गोंधळाला ‘आजार वाढला’ म्हणणं

कालपर्यंत बऱ्यापैकी असलेला माणूस आज एकदम भ्रमिष्टासारखा बोलायला लागला, तर कारण दुसरंही असू शकतं: लघवीतला संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, नवा स्ट्रोक, डोक्याला मार लागून साचलेलं रक्त. त्याच दिवशी दाखवा. झोपेच्या, ॲलर्जीच्या आणि लघवीची घाई थांबवणाऱ्या काही गोळ्यांनीही ज्येष्ठांचं डोकं जड होतं. म्हणून जाताना सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या, यादीवर विसंबू नका. थायरॉइड आणि बी-12 तपासून घ्या, कानही तपासा.

घाई करणं आणि हातातून काम काढून घेणं

“कपडे बदला, चष्मा घ्या आणि फाइल कुठे ठेवलीत?” हे एका दमात तीन निरोप झाले. एक सांगा, थांबा, तो पुरा होऊ द्या. मी मनात दहा अंक मोजते. बाबांचं उत्तर बहुतेक वेळा सात-आठच्या सुमाराला येतं. पूर्वी मी तिसऱ्या अंकालाच तोडून बोलत होते.

डबी आता मी भरते. प्रत्येक खण उघडून गोळ्या तपासण्याचं काम बाबांचं. वेळ लागतो, पण दोनदा त्यांनी माझी चूक पकडली आहे.