पोटाच्या ऑपरेशनला निघताना: श्वासाचं यंत्र आधी पिशवीत घाला

आप्पांच्या वेळी फाइल, स्लाइड-ब्लॉक (बायोप्सीचे नमुने), सीटीची सीडी, आधार, रेशनकार्ड सगळं पिशवीत होतं. तीन गोळ्यांचं श्वासाचं यंत्र (स्पायरोमीटर, श्वास ओढला की आतले प्लॅस्टिकचे गोळे वर जातात) मात्र ऑपरेशन झाल्यावर खालच्या मेडिकलमधून आणलं, आणि आप्पा त्यात जोर लावून फुंकत बसले. ते फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. आधी कोणी शिकवलंच नव्हतं, आम्हीही विचारलं नव्हतं. दोन-तीन दिवसांत ताप, मग न्यूमोनिया. आता मोठ्या आईचं जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन आहे मुंबईला, म्हणून हे लिहितोय.

तारीख मिळाली की यंत्र त्याच दिवशी विकत घ्या. महाग नसतं. ताठ बसायचं, श्वास पूर्ण सोडायचा, नळी ओठात घट्ट धरून हळूहळू ओढायचं. गोळा वर गेला की दोन-तीन सेकंद तिथेच धरायचा. तिन्ही गोळे टणकन उडवून दाखवायची पैज नाही. एकच गोळा वर टिकला तरी चालेल. चक्कर आली तर थांबा.

सराव ऑपरेशनच्या आधी, पुन्हा सांगतो, आधी. नंतर टाके दुखतात, माणूस वरवर श्वास घेतो, फुप्फुसाचा खालचा भाग नीट उघडत नाही, तिथे कफ साचतो. त्या अवस्थेत नवीन काही डोक्यात शिरत नाही. २०१८ साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या पेशंटांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पोटाच्या वरच्या भागाच्या मोठ्या ऑपरेशनआधी फिजिओथेरपिस्टने अर्धा तास, एकदाच, श्वासाचे व्यायाम नीट शिकवले, तर फुप्फुसाच्या तक्रारी निम्म्यावर आल्या. अर्धा तास! तेवढा वेळ मागून घ्या. आणि यंत्र घरी विसरू नका.

बिडी-सिगारेट किमान चार आठवडे आधी बंद. आदल्या रात्री गाडीत बसताना शेवटची ओढून भागत नाही. मिश्री, तपकीर, गुटखाही बंद. आपल्याकडच्या बायका मिश्रीला तंबाखूत धरतच नाहीत, त्यांना वेगळं विचारा. दोन वेळा दात घासायचे, कारण तोंडातलेच जंतू खाली फुप्फुसात उतरतात.

रोज चालायचं. वेग असा की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ला टेकतो, तेव्हा पहाटेच. रक्त फार कमी असेल, छातीत दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून. खाण्यात डाळ, अंडी, दूध वाढवा. बाकी आहारतज्ज्ञ सांगतील.

वॉर्डात एक घट्ट उशी लागते. खोकताना ती टाक्यांवर दाबून धरायची, म्हणजे खोकायची भीती जाते. कफ गिळू नका, थुंका. दुखत असेल तर पेनकिलर मागा. सोसण्यात कसली मर्दुमकी? दुखत असताना खोल श्वास घेताच येत नाही. जागं असताना दर तासाला दहा खोल श्वास, यंत्र उशाशी, हात पोचेल असं. कपाटात नव्हे.

डॉक्टरांनी हो म्हटलं की त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी बसवा, उभं करा, चालवा. यंत्रापेक्षा चालणं मोठं. भेटायला आलेले पाहुणे म्हणणार, ‘पडू द्या त्यास्ले!’ त्यांना चहा पाजा आणि पेशंटला उठवा. लघवीची पिशवी, ड्रेनची नळी (पोटात साचलेलं पाणी बाहेर काढणारी) कोण धरणार ते आधी ठरवा. आमच्याकडे तेवढ्यावरून सकाळ गेली होती. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच ठेवा, जेवताना तर नक्कीच.

घरी आल्यावर ओट्यावर, अंगणात थोडं थोडं चालणं वाढवा. यंत्र चालूच. हंडा, सिलिंडर उचलणं सर्जन सांगतील तेव्हाच. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं लिहून दिली असतील तर मधेच सोडू नका, कॅन्सरमध्ये पायात गुठळी व्हायचा धोका जास्त असतो. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली तर त्याच दिवशी डॉक्टर. अचानक दम लागला, छातीत कळ आली, खोकल्यात रक्त दिसलं तर मुंबईला फोन लावत बसू नका, १०८ला फोन करा आणि जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा.