ऊन बारमाही असते: त्वचेची रोजची काळजी

उन्हापासून त्वचा जपण्याची आठवण आपल्याला बहुधा एप्रिल-मे महिन्यांतच होते. कोल्हापूर मात्र सुमारे १६.७ उत्तर अक्षांशावर असल्याने येथे दुपारचा सूर्य वर्षातून दोनदा, मेच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला, नेमका डोक्यावर येतो. त्यामुळे पंचगंगा दुथडी भरून वाहत असतानाही ढग जरा विरळ झाले, की अतिनील किरण त्यांतून सहज खाली पोहोचतात. ऊन केव्हा बाधते हे सावलीवरून ओळखावे. आपली सावली उंचीपेक्षा आखूड पडू लागली, की अंग झाकण्याची वेळ झाली असे समजावे.

माझा पहिला भरवसा कापडावर आहे. दुचाकीवर निघण्यापूर्वी स्टोल उजेडासमोर धरून पाहावा आणि त्यातून खिडकीचे गज दिसत असतील, तर तो दुहेरी बांधावा. चेहरा झाकणाऱ्यांचीही मान, कान आणि पाऊल उघडे राहते. कोल्हापुरी चपलेच्या पट्ट्यांचा पायावर उमटलेला फिकट ठसा ऊन कुठवर पोहोचते हे रोज दाखवत असतो. उसाच्या फडात काम करणाऱ्यांनी टोपीखालून टॉवेल असा सोडावा, की कान आणि मान दोन्ही झाकली जातील.

उघड्या राहणाऱ्या भागाला सनस्क्रीन लावावे. त्यावरील एसपीएफचा आकडा मुख्यतः त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी या अतिनील किरणांपुरता असतो, म्हणून एसपीएफ ३० किंवा अधिक आणि सोबत 'पीए+++' (यूव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांपासूनच्या संरक्षणाची खूण) असे दोन्ही पाहून घ्यावे, कारण यूव्हीए किरण खिडकीच्या साध्या काचेतूनही आत येतात आणि वांग (चेहऱ्यावरचे काळसर डाग) गडद करतात. वांग असलेल्यांना आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी पडते. खरी चूक होते ती प्रमाणात. तर्जनी आणि मधले बोट यांवर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा ओढाव्यात. चेहरा व मान यांना एवढे लागतेच. वाटाण्याएवढे लावल्यास वेष्टनावरील संरक्षण मिळत नाही. बाहेर पडण्यापूर्वी १५ ते २० मिनिटे आधी लावावे आणि उन्हात असताना दर दोन तासांनी, घाम पुसल्यास त्याआधीही, पुन्हा लावावे.

सहा महिन्यांखालील बाळाला मात्र क्रीम न लावता सावलीतच ठेवावे. आणि ट्यूब गाडीच्या डिकीत ठेवू नये, तेथील उष्णतेने सनस्क्रीन खराब होते.