अपघातात घरचं माणूस गेल्यावर: पहिल्या रात्रीपासून दाव्यापर्यंत काय, कसं करावं

आजारपणात माणूस गेलं तर घरचे त्याला थेट घरी आणतात. रस्त्यावरच्या अपघातात तसं होत नाही. मृतदेह आधी पोलिसांच्या आणि सरकारी डॉक्टरांच्या ताब्यात असतो, आणि पहिल्या काही तासांत घरच्यांना सगळ्यात जास्त जाचतं ते हेच. पुढची कामं बरीच आहेत, पण सगळी एकाच माणसानं करायची नाहीत आणि सगळी लगेचही करायची नाहीत.

पहिली रात्र: दोन माणसं नेमा

एक माणूस कागदांचा, एक फोनचा. कागदांसाठी मेहुणा, चुलतभाऊ, जावई किंवा ऑफिसातला जवळचा सहकारी चालेल. त्यालाही दुःख असेल, पण हातपाय गळालेले नसावेत. त्यानं एक प्लॅस्टिकची फाइल घ्यावी आणि त्या दिवसापासूनची प्रत्येक चिठ्ठी, अगदी रुग्णवाहिकेची पावतीसुद्धा, तिच्यात टाकावी.

फोनवाल्याचं पहिलं काम म्हणजे आईवडील, जोडीदार आणि मुलं यांना बातमी व्हॉट्सॲपच्या आधी पोचवणं. हायवेवरच्या अपघाताचे फोटो गाडीच्या नंबरासकट गावच्या ग्रुपवर बघता बघता येतात. मृतदेहाचा फोटो फिरताना दिसला तर ॲडमिनला लगेच काढायला सांगा. ऐकलं नाही तर पोलिसांना कळवा. म्हाताऱ्या आईवडिलांना ‘सीरियस आहे’ एवढंच सांगून गाडीत बसवायची आपल्याकडे पद्धत आहे. प्रवासापुरतं ते समजू शकतो. पण दारातला मांडव आणि जमलेली माणसं बघून त्यांना कळावं, हे क्रूर आहे. गाडीतच, घर जवळ आल्यावर, हात धरून सांगा.

रुग्णालयात आणि पोलीस ठाण्यात

अपघाती मृत्यूत पोलीस मरणोत्तर पंचनामा करतात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 194), नातेवाइकाकडून ओळख पटवून घेतात आणि मग शवविच्छेदन होतं. सूर्यास्तानंतर शवविच्छेदन करायला केंद्र सरकारनं नोव्हेंबर 2021 मध्ये मुभा दिली, पण तशी सोय असेल तिथेच. तालुक्याच्या ठिकाणी बहुधा सकाळ उजाडते. अशा वेळी बायकामाणसांना आणि वृद्धांना शवागाराबाहेरच्या बाकावर रात्रभर बसवू नका. दोघं थांबले तरी पुरे.

‘चिरफाड नको’ म्हणून कुणी आमदाराला फोन लावायला निघालं तर थांबवा. शवविच्छेदनाच्या अहवालाशिवाय विम्याचे दावे अडकतात. नेत्रदानाची इच्छा असेल तर तेही याच वेळी डॉक्टर आणि पोलिसांना सांगावं लागतं, कारण डोळे मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात.

अंगावरचे दागिने, पाकीट, मोबाइल यांची नोंद पंचनाम्यात झालेली बघा आणि वाचूनच सही करा. जबाब देताना तुम्ही स्वतः पाहिलं तेवढंच सांगा. ‘त्याला फास्ट चालवायची सवयच होती’ असं दुःखाच्या भरात कुणी बोलून जातं, ते जबाबात उतरतं आणि नंतर विमा कंपनीचा वकील नेमकं तेच वाक्य वाचून दाखवतो.

गुन्हा सहसा भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(1) (निष्काळजीपणानं मृत्यू) आणि 281 (बेदरकारपणे गाडी चालवणं) खाली नोंदला जातो. फिर्यादीला एफआयआरची प्रत मोफत मिळते. ती घरी आणून शांतपणे वाचा. गाडीचे नंबर, वेळ, दिशा बरोबर आहेत का? कधी कधी गेलेल्या माणसावरच गुन्हा नोंदलेला असतो. तुम्हाला ते चुकीचं वाटत असेल तर तपास अधिकाऱ्याला लेखी द्या आणि पोचेची सही घ्या. त्याच अर्जात जवळचा पेट्रोल पंप, टोलनाका, ढाबा यांचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची मागणी करा. त्या रेकॉर्डिंगवर काही दिवसांत नवं रेकॉर्डिंग चढतं, म्हणून हे तेराव्यानंतरवर टाकू नका.

मृत्यूचा दाखला

मृत्यूची नोंद माणूस राहत होता तिथे होत नाही, मृत्यू झाला तिथे होते. पुण्याचा माणूस खंबाटकी घाटात जागीच गेला तर नोंद तिकडच्या हद्दीत, आणि साताऱ्याच्या रुग्णालयात गेला तर साताऱ्यात. मुदत 21 दिवसांची. 30 दिवस उलटले की लेखी परवानगी आणि स्वतः सही केलेलं (स्वसाक्षांकित) कागदपत्र लागतं. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश. स्मशानातली पावती जपा. नावाचं स्पेलिंग आधार कार्डाप्रमाणेच आहे ना, हे दाखला हातात घेताना खिडकीपाशीच बघा. दहाएक प्रती घ्या, सगळ्या खपतात.

नुकसानभरपाई: ‘पैसे घेऊन काय करू?’

हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतं. त्यामागची भावना खरी आहे, पण भरपाई ही जिवाची किंमत नव्हे. त्या माणसाच्या मिळकतीवर मुलांचं शिक्षण, आईचं औषधपाणी, घराचा हप्ता चालणार होता. तो आधार गेला त्याची भरपाई असते, आणि ती मागण्यात संकोच कसला?

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली करायचा. कायद्यात त्याला सहा महिन्यांची मुदत आहे. ‘वर्षश्राद्ध झाल्यावर बघू’ असं म्हणणाऱ्या काकांना हे आजच सांगून ठेवा. अपघात कुठेही झालेला असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दावा करता येतो. पोलिसांनी न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे पहिला अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत पाठवायचा असतो. कागद सांभाळणाऱ्यानं ठाण्यात जाऊन ते गेलेत का हे विचारत राहावं.

रक्कम ठरते कशी, ते एका उदाहरणावरून. समजा, 38 वर्षांचा रिक्षाचालक, महिना 25,000 कमाई, मागे बायको, दोन मुलं आणि आई. चाळिशीच्या आतला स्वयंरोजगार म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के मिळवले की 35,000 होतात. अवलंबून असणारे चौघे, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी या रकमेचा एक चतुर्थांश वजा केला की 26,250. वर्षाचे 3,15,000. या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकानं गुणायचं; वय 36 ते 40 असेल तर गुणक 15. म्हणजे 47,25,000 रुपये, आणि वर अंत्यविधीचा खर्च, सहवासाची हानी वगैरे ठरावीक रकमा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या सरला वर्मा आणि 2017 च्या प्रणय सेठी निकालांतून ही रीत पक्की झाली. हा हिशेब माहीत असला की ‘आठ-दहा लाखांत मिटवून टाका’ असं म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं ते कळतं.

सगळा हिशेब कमाईच्या पुराव्यावर उभा राहतो. पगारपत्रक किंवा आयकर विवरणपत्र असेल तर उत्तम. नसेल तर बँकेचं पासबुक, यूपीआयच्या नोंदी, बाजार समितीच्या पट्ट्या, कर्जाचे हप्ते, जे सापडेल ते. गेलेली व्यक्ती गृहिणी असेल तर ‘तिची कमाई काय?’ हा प्रश्न ऐकून गप्प बसू नका. घरकामाचं मोल भरपाईत धरायचं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2021 च्या कीर्ती प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

चूक कुणाची हे सिद्ध करणं अवघड असेल तर कलम 164 खाली, दोष सिद्ध न करता, मृत्यूसाठी 5 लाखांची तरतूद आहे. दोन्हींपैकी कुठली वाट धरायची हे वकिलाशी बोलून ठरवा. ठोकर देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही तर 1 एप्रिल 2022 पासूनच्या योजनेत 2 लाख मिळतात. त्यासाठी अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा.

रुग्णालयाच्या आवारातच एखादा गोड बोलणारा माणूस भेटेल: ‘वहिनी, तुम्ही फक्त सह्या करा, आम्ही टक्क्यावर बघतो.’ कोऱ्या कागदावर किंवा वकालतनाम्यावर (वकील नेमल्याच्या कागदावर) तिथे सही नको. भरपाईत टक्केवारी ठरवणं वकिलांच्या नियमांत बसतच नाही. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन 15100.

आणखी कुठे शोधायचं

पासबुकात मे-जूनच्या सुमारास 20 रुपये वजा झालेले दिसले तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना: अपघाती मृत्यूला 2 लाख. 436 रुपये दिसले तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना, तिचे आणखी 2 लाख. बऱ्याच घरांत हे हप्ते कटतात हेच कुणाला ठाऊक नसतं. गेलेला माणूस स्वतःची गाडी चालवत होता आणि लायसन्स चालू होतं तर गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात कवच आहे का ते बघा. चूक त्याची असली तरी हे मिळू शकतं. नोकरीत पीएफ कटत असेल तर त्याच्यासोबतच असलेला ईडीएलआय हा आयुर्विमा (कमाल 7 लाख) आणि कुटुंब पेन्शन. शेतकरी कुटुंब असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत 2 लाख, त्यासाठी 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जा. मोबाइलचं सिम इतक्यात बंद करू नका, बँकेचे ओटीपी आणि विम्याचे मेसेज त्यावरच येतात.

घरात

भेटायला येणारा प्रत्येक जण ‘कसं झालं?’ विचारतो आणि बायको किंवा आई तीच हकीकत पुन्हा पुन्हा सांगत राहते. दाराशी एक नातेवाईक बसवा, त्यानं दोन वाक्यांत सांगावं आणि आत गेल्यावर विषय काढू नये अशी विनंती करावी. त्याच गाडीत बसून वाचलेला भाऊ किंवा मित्र असेल तर त्याच्याकडे जास्त लक्ष द्या. ‘मीच चालवत होतो’ हे ओझं तो बोलून दाखवेलच असं नाही.

लहान मुलाला ‘बाबा लांब गावाला गेलेत’ सांगू नका. ते वाट बघत बसतं, आणि पुढच्या वेळी कुणी गावाला निघालं की घाबरतं. ‘मोठा अपघात झाला, बाबांचं शरीर काम करायचं थांबलं, ते मेले, आता परत येणार नाहीत. तुझ्यामुळे काही झालेलं नाही.’ इतकं सरळ सांगा. ते पुन्हा पुन्हा तेच विचारेल, पुन्हा तेच उत्तर द्या.

मागे राहिलेल्या बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं थांबवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये तसा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. ‘लोक काय म्हणतील’ म्हणणाऱ्यापुढे ठेवायला हे पुरेसं आहे. आणि तिला कागदांपासून लांब ठेवू नका. धावपळ इतरांनी करावी, पण फाइलीत काय आहे आणि सही कशावर होतेय हे तिला आठवड्यातून एकदा बसून सांगा. भरपाईची रक्कम तिच्याच खात्यात यायला हवी, दिराच्या नव्हे.

झोप न लागणं, ब्रेकच्या आवाजानं दचकणं, त्या रस्त्यानं जायला नको वाटणं हे पहिले काही आठवडे होतंच. महिना-दोन महिन्यांनीही कमी होत नसेल, किंवा कुणी ‘मला जगायचं नाही’ म्हणत असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. मरणाची भाषा असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका, थेट डॉक्टरकडे न्या.

फौजदारी खटला मात्र रेंगाळतो. घर थोडं सावरलेलं असतं आणि अचानक साक्षीचं समन्स येतं. तारखेच्या आधी सरकारी वकिलांना भेटा, तेव्हा दिलेला जबाब पुन्हा वाचायला मागा, आणि कोर्टात सोबत कुणाला तरी न्या. ज्याला समन्स आलंय त्यानं त्या दिवशी स्वतः गाडी चालवू नये.