जुना क्यू पॉलिशला देताय? आधी या चुका टाळा

माझा पहिला जुना क्यू, म्हणजे पूल खेळायची काठी, मी न्यू जर्सीत, एडिसनजवळच्या एका गराज सेलमधून 40 डॉलरला उचलला. ब्रन्सविक कंपनीचा टायटलिस्ट, कुणीतरी मधून कापून दोन तुकड्यांचा केलेला. पॉलिश पिवळं पडलेलं, त्यावर बारीक तड्यांची जाळी, बटावर, म्हणजे मागच्या जाड भागावर, अर्धवट पुसलेलं नाव. एका दुरुस्तीवाल्याकडे दिला आणि म्हटलं, "अगदी नवा करून द्या." त्याने शब्द पाळला. तीन आठवड्यांनी क्यू आरशासारखा चमकत परत आला.

पूल हॉलमधल्या एका म्हाताऱ्या खेळाडूने तो हातात घेतला, जॉइंटवरून, म्हणजे दोन तुकडे जुळतात तिथून, नख फिरवलं आणि काही न बोलता मला परत दिला. नख अडकत होतं. स्टीलची कडी जिथल्या तिथे होती, शेजारचं लाकूड मात्र केसभर खाली गेलं होतं. बटावरचं नाव तर साफ गेलेलं. दुरुस्तीवाल्याला कशाला दोष देऊ? "नवा करा" हे वाक्य माझं होतं.

तेव्हापासून कुणी मराठी ओळखीचा घर घेतो, तळघरात आधीच्या मालकाचं पूल टेबल आणि चार-पाच काठ्या सापडतात आणि मला फोन येतो, "अरे, छान आहे रे, पण कळकट झालाय. पॉलिश करून घेऊ का?" माझं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: आत्ता काहीही करू नकोस, ओल्या फडक्यानेसुद्धा पुसू नकोस.

हातात काय आहे हे न बघता कामाला लागणं

बाकीच्या सगळ्या चुका हिच्यातून निघतात. तळघरातल्या दहा क्यूंपैकी नऊ साधे असतात, त्यांना काहीही करा. दहाव्यासाठी ही सगळी कटकट.

टायटलिस्टचंच घ्या. ब्रन्सविकने हे क्यू मुळात पूल हॉलच्या भिंतीवर लावायला बनवले, एकसंध, कुणीही उचलावा आणि खेळावं असे. पण त्यांच्या दोन लाकडांचा सांधा इतका चोख होता की पुढे नामांकित कारागिरांनी तेच कापून, मध्ये जॉइंट बसवून स्वतःचे क्यू बनवले. शिकागोचे हर्मन रॅम्बो त्यातले एक. जॉर्ज बलाबुश्का दुसरे. रशियात जन्मलेला हा माणूस न्यूयॉर्कमध्ये 1959 पासून 1975 मध्ये मृत्यू येईपर्यंत क्यू बनवत होता, आणि सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या क्यूंच्या बटाचं लाकूड टायटलिस्टचंच असे. त्यांचा अस्सल क्यू आज 10,000 डॉलरच्या वर सहज जातो, म्हणून बाजारात नकलाही भरपूर. थोडक्यात, भिंतीवरची काठी आणि संग्रहातला क्यू यांचं लाकूड एकच असू शकतं. फरक सांगतात त्या बारीक खुणा: जॉइंटचा स्क्रू, कड्यांची रचना, बटावरची सही किंवा डिकॅल (चिकटवलेलं छापील चिन्ह), मुठीवरची दोऱ्याची गुंडाळी. काही जुन्या क्यूंच्या बटात पारदर्शक प्लास्टिकखाली नावाची कागदी पट्टीही असते. आणि नेमक्या याच खुणा पॉलिश काढताना पहिल्यांदा बळी जातात.

म्हणून आधी फोटो. उजेडात, सगळ्या बाजूंनी. पॉइंटची टोकं, म्हणजे बटाचं लाकूड वर फिकट मेपल लाकडात भाल्यासारखं शिरतं ती, चारही जवळून काढा. ती एकाच उंचीवर संपतात का बघा. बट आणि शाफ्ट (पुढचा बारीक भाग) वेगवेगळे वजन करून लिहून ठेवा, टपालाचा काटा पुरतो. हा क्यू पुढे कधी विकायचा झाला तर या फोटोंनाच किंमत आहे.

लेथवर चढवणं

पॉलिश "काढतात" असं आपण म्हणतो. घरातल्या सागवानी कपाटाला सुतार पॉलिशपेपर मारतो, नवं पॉलिश चढवतो, कपाटाचं काही बिघडत नाही. एक मिलिमीटर गेला तरी कपाट कपाटच राहतं. क्यूचं गणित वेगळं. बट गोल आणि निमुळता असतो, आणि पॉइंट व व्हीनियर (लाकडाच्या पातळ रंगीत पट्ट्या) त्या गोलाईत कोनात कापून बसवलेले असतात. लेथवर, म्हणजे लाकूड गोल फिरवणाऱ्या यंत्रावर, वरचा थर घासला की पॉइंटची टोकं थोडी खाली सरकतात. व्हीनियरच्या रंगीत रेघांची जाडी बदलते. लेथवर क्यू मध्यावर नीट धरला नसेल, किंवा तो जरासा वाकलेला असेल, तर एका बाजूचं लाकूड जास्त जातं आणि चारांपैकी दोन पॉइंट आखूड दिसू लागतात. स्टीलची कडी मात्र लाकडाच्या वेगाने झिजत नाही, म्हणून माझ्या क्यूवर नख अडकलं. आणि सही पॉलिशच्या खाली असली, तरी लाकडाच्या वरच असते. पॉलिशबरोबर ती जाते, परत येत नाही.

मग तड्यांच्या जाळीचं काय? काही नाही. जुन्या क्यूंवर बहुधा नायट्रोसेल्युलोज लॅकर असतं. ते वयाप्रमाणे ताठर होतं, आणि जानेवारीच्या थंडीतून गरम घरात आणलं की तडकतं. त्याखालचं लाकूड फुगतं-आकसतं, लॅकरला तेवढं ताणता येत नाही. जाळी दिसते, पण बोटाला लागत नाही ना? मग ती वयाची खूण आहे. संग्राहक उलट ती शोधतात, कारण मूळ पॉलिश शाबूत असल्याचा तो पुरावा असतो.

आधीच कुणी पॉलिश बदललंय का, हेही तपासता येतं. अतिनील टॉर्चखाली चपड्याचं पॉलिश नारिंगी चमकतं. नाहीतर जॉइंटजवळच्या दिसणार नाही अशा जागी कापसाच्या काडीने स्पिरिटचा एक थेंब लावायचा. चिकट झालं तर चपडा. स्पिरिटने काही झालं नाही आणि थिनरच्या थेंबाने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हीला दाद देत नसेल तर ते बहुधा अलीकडचं युरेथेन, म्हणजे कुणीतरी तुमच्या आधी हात साफ केलाय. मग निर्णय सोपा होतो, मूळ काही उरलेलंच नाही. पण थिनरची काडी पांढऱ्या किंवा रंगीत कड्यांपासून लांब ठेवा. जुन्या कड्या सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकच्या असू शकतात, आणि सेल्युलॉइड थिनरमध्ये विरघळतं.

घरचे उपाय

खोबरेल तेल, लिंबू, टूथपेस्ट. आपल्याकडे पितळेच्या समईपासून चांदीच्या पैंजणापर्यंत सगळ्याला एकच हात, तोच इथेही चालतो. तेल तड्यांतून आत शिरतं, मळ धरतं, आणि पुढे खरंच पॉलिश करायची वेळ आली तर नवा थर तिथे बसत नाही. गाडीचं सिलिकॉनवालं पॉलिश त्याहून वाईट, नव्या लॅकरला त्यावर माशाच्या डोळ्यांसारखी छिद्रं पडतात.

बटासाठी एवढंच करा: मऊ सुती फडकं जेमतेम ओलसर करून पुसा, लगेच कोरड्याने टिपा, आणि वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालेलं रेनेसाँ वॅक्स संग्रहालयवाले वापरतात, तेच इथे चालतं. दोन-तीन वेळा केलं की क्यू असा खुलतो की बरेच जण पॉलिशचा विचारच सोडून देतात.

शाफ्टवरचा निळा डाग टोकाला घासतात त्या चॉकचा. पॉलिशपेपर लावू नका, शाफ्ट 13 मिलिमीटरच्या आसपास असतो आणि दर सफाईत थोडा थोडा बारीक होत जातो. पांढरा "जादुई" स्पंजही बारीक पॉलिशपेपरच आहे, फक्त तसा दिसत नाही. स्पिरिटचं फडकं पुरे, तेही पॉलिश असलेल्या भागाला न लावता. थोडा निळेपणा राहिला तर राहू द्या.

वाकलाय की फक्त तसा वाटतोय?

टेबलावर जोडलेला क्यू लोळवला, टोक उड्या मारतंय, आणि घरात जाहीर होतं की क्यू वाकला. थांबा. जॉइंट उघडा, दोन्ही तोंडं कोरड्या फडक्याने पुसा. तिथे वाळलेल्या गोंदाचा किंवा मळाचा एक कण असला तरी पुढचं टोक डोलतं. मग बट आणि शाफ्ट वेगवेगळे लोळवा. दोन्ही सरळ असतील तर दोष जॉइंटचा आहे. शाफ्ट एकटाच वाकला असेल तर तो सरळ करायच्या नादी लागू नका. वाफ देऊन, वजन टांगून सरळ केलेला शाफ्ट काही महिन्यांत आपल्या जागी परततो. खेळायला नवा शाफ्ट करून घ्या आणि जुना जपून ठेवा. मूळ शाफ्ट नसलेला क्यू जोडीतला एकच पैंजण हरवल्यासारखा दिसतो.

फटका मारल्यावर खडखड किंवा झिणझिण येत असेल तर आधी बटाखालचं रबरी बंपर बघा. त्याच्या आत वजनाचा बोल्ट असतो, तो ढिला पडला की नेमका असाच आवाज करतो. पेचकसाचं दोन मिनिटांचं काम. त्यात बंपरला सुपरग्लू लावून कायमचं बंद करणारे महाभाग मी पाहिलेत. पुढच्या वेळी तो बोल्ट घट्ट करायला बट फोडणार का?

पांढरी टोपी आणि कायदा

शाफ्टच्या टोकाची पांढरी फेरूल जुन्या चांगल्या क्यूंवर हस्तिदंती असू शकते. ओळखायला गरम सुई टोचायची, हा सल्ला अजून फिरतो. कृपा करून नको. फेरूल सेल्युलॉइडची निघाली तर ती पेट घेते. त्यापेक्षा तोच अतिनील टॉर्च: हस्तिदंत निळसर पांढरं चमकतं. साध्या उजेडात त्याच्या बाजूवर लांबीच्या दिशेने पुसट रेषा दिसतात, प्लास्टिकमध्ये त्या नसतात किंवा फारच सरळ आखल्यासारख्या असतात.

हस्तिदंत निघालं तर आनंद बेतानेच करा. न्यू जर्सीने 2014 मध्ये त्याच्या खरेदी-विक्रीवर बंदी घातली, त्याच महिन्यात न्यूयॉर्कनेही कायदा केला. भारतात 1991 च्या दुरुस्तीने आयात हस्तिदंताचा व्यापारही बंद केला. पुण्यातल्या काकांना क्यू भेट म्हणून सामानात टाकायचा बेत असेल तर आधी परवान्यांची चौकशी करा. बट ब्राझिलियन रोझवुडचा असेल तरी तेच, ते लाकूड 1992 पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वात कडक यादीत आहे.

मग पॉलिश कधी करायचंच नाही का?

करायचं, पण दिसण्यासाठी नाही. थर नुसता तडकलेला नसून पापुद्र्यासारखा सुटत असेल, उघड्या लाकडात ओल शिरत असेल, तर मूळ पॉलिश आपलं काम करत नाहीये. मूळ कारागीर किंवा त्याची कार्यशाळा अजून चालू असेल तर तिथेच पाठवा, मूळ हाताने केलेलं काम संग्राहक सहसा मान्य करतात. दुसऱ्याकडे देताना लेखी मागा: लाकूड घासणार नाही, सही आणि डिकॅलला हात लावणार नाही, काढलेली प्रत्येक गोष्ट पिशवीत परत देईन. "नवा करा" म्हणू नका, हे मी 40 डॉलर आणि एका नावाच्या बदल्यात शिकलोय.

चेंडूला लागणारी टोकाची टिप बिनधास्त बदला, तो झिजायचाच भाग आहे. दोऱ्याची गुंडाळी सुटली असेल तर तीही नवी करता येते, फक्त मुळात आयरिश लिनन असेल तर तेच घाला, चामडं नको. गुंडाळीची बटातली खाच दोऱ्याच्या जाडीची असते आणि चामड्यासाठी ती खोल करावी लागते.

परवा पिस्कॅटवेच्या एका मित्राचा क्यू बघायला गेलो. त्याच्या डोक्यात पॉलिश पक्कं होतं. बंपर काढला, बोल्ट दीड आटा फिरवला, खडखड बंद. बटाला मेणाचा हात दिला तसा रोझवुडचा जांभळा पट्टा वर आला आणि त्याची मुलगी म्हणाली, "बाबा, हा तर दुसराच क्यू आहे." राहिला तो लिननवरचा काळपट डाग, आधीच्या मालकाचा अंगठा जिथे टेकायचा तिथला. "हा जाईल का?" मित्राने विचारलं. मी म्हटलं, नाही जाणार, आणि जॉइंटला टोपण लावून क्यू कपाटात आडवा ठेवून दिला.