आकडे जुळले, गाणी जुळली नाहीत

मास्टरिंग, म्हणजे मिक्स झालेल्या गाण्यांवर प्रकाशनाआधी फिरवायचा शेवटचा हात, शिकत असताना पहिल्यांदा अख्खा अल्बम हाती आला, नऊ गाण्यांचा. मी प्रत्येक गाण्याचा लाउडनेस (कानाला जाणवणारा सरासरी मोठेपणा) मीटरवर मोजला आणि सगळी गाणी −१४ एलयूएफएसवर (हे लाउडनेसचं एकक) आणून ठेवली. मग सलग ऐकायला बसले, तर पाचवं गाणं कानावर आदळलं. त्यात होती फक्त गिटार आणि गायिका.

कारण समजायला दोन दिवस गेले. पूर्ण बँडच्या गाण्यात तो आकडा ड्रम, बास आणि बाकीची वाद्यं मिळून भरतात. गाणाऱ्याचा आवाज त्यातला एक वाटेकरी असतो. नुसत्या गिटारच्या गाण्यात तोच आकडा गाठायचा तर गायिकेचा आवाजच वर चढवावा लागतो. ऐकणारा मात्र सगळ्या गाण्यांत तिचाच आवाज धरून असतो. ते गाणं ३ डेसिबल खाली घेतलं आणि ती पुन्हा आपल्या जागी उभी राहिली.

स्ट्रीमिंग सेवा गाण्यांचा लाउडनेस आपोआप सारखा करतात, त्यामुळे तिथे हे ३ डेसिबल पुसले जातील, अशी भीती मला होती. पण स्पॉटिफायवर अल्बम सलग वाजवला की सगळ्या गाण्यांना एकच गेन (आवाज वाढवण्या-घटवण्याचं प्रमाण) लागतो, त्यामुळे हळू गाणं हळूच राहतं. गाणी सुटी किंवा शफलवर वाजली तर हिशेब गाण्यागणिक होतो.

आता मी सगळे मिक्स (वाद्यं आणि गळा एकत्र जुळवून तयार झालेली गाणी) सॉफ्टवेअरच्या एकाच सेशनमध्ये, अल्बमच्या क्रमाने लावते. ज्या गाण्याचा मिक्स सर्वांत पक्का वाटतो ते आधी पूर्ण करते आणि बाकीची त्याच्या शेजारी ठेवून ऐकते: ध्रुवपदाला ध्रुवपद, शेवटाला पुढची सुरुवात. तुलनेआधी पातळी कानाने जुळवायचीच. एखादा डेसिबल मोठं असलेलं गाणं उगाचच चांगलं वाटतं, आणि माझ्यासकट प्रत्येक नवशिका इथे फसतो. त्यानंतर इक्यू, म्हणजे वेगवेगळ्या पट्ट्यांतला आवाज कमी-जास्त करणं. वेगवेगळ्या खोल्यांत मिक्स झालेल्या गाण्यांत फरक बहुधा बासमध्ये आणि २०० ते ४०० हर्ट्झच्या गढूळ पट्ट्यात सापडतो. तिथे रुंद पट्ट्याने १ डेसिबल कमी-जास्त केलं तरी गाणं शेजाऱ्याशी जुळतं. ४-५ डेसिबल लागत असतील तर मिक्स परत पाठवा. मास्टरिंगमध्ये ओढाताण केली की गायिकेचा आवाजही बिघडतो. लिमिटर (आवाज ठरलेल्या मर्यादेवर जाऊ न देणारं साधन) सगळ्यांत शेवटी, ट्रू पीक म्हणजे आवाजाचं खरं शिखर −१ डेसिबलच्या खाली.

दोन गाण्यांमधली शांतता हेही मास्टरिंगचंच काम. रिव्हर्बमध्ये (घुमत राहणाऱ्या आवाजात) विरत जाणाऱ्या शेवटानंतर अर्धा सेकंद पुरतो, धाडकन थांबणाऱ्या गाण्यानंतर तीन सेकंदही कमी पडतात.

हे झालं की मी बारीक आवाजात अल्बम लावून शेजारच्या खोलीत बसते. जिथे उठून आवाज कमी-जास्त करावासा वाटतो, ती जागा वहीत टिपते. त्या नऊ गाण्यांत अशा चार जागा निघाल्या, त्यातल्या तीन जागा गाण्यांच्या सुरुवातीला.