कमाटीबाग नीट बघायची असेल तर

पाहुणे आले की आपण बडोदेकर त्यांना कमाटीबागेत नेतोच, पण आत शिरल्या शिरल्या पोरं टॉय ट्रेनकडे ओढतात आणि मग तिथल्या रांगेतच ऊन चढतं, म्हणून ट्रेन सगळ्यात शेवटी ठेवा.

सकाळी लवकर निघा. स्टेशनवरून चालतसुद्धा येता येतं, रिक्षा केलीत तर नुसतं 'काळा घोडा' सांगा, म्हणजे सयाजीराव महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी उतरवतात, तिथून गेट समोरच. बागेत शिरायला पैसे नाहीत, म्युझियम, झू आणि तारांगणाची तिकिटं मात्र वेगवेगळी, तेव्हा सुटे पैसे ठेवा.

ऊन व्हायच्या आत झाडं बघून घ्या, बाग शंभर एकरांच्या वर आहे त्यामुळे सगळी बघायचा हट्ट नको, विश्वामित्री नदीच्या बाजूने एक फेरी मारली तरी पुष्कळ. बाग 1879 ची, म्हणजे महाराज तेव्हा जेमतेम 16 वर्षांचे, पूर्ण अधिकार 1881 ला मिळाले आणि तोवर कारभार दिवाण टी. माधवराव बघायचे, हे गाइड लोक सहसा सांगत नाहीत. पुढे 1893 मध्ये क्रुंबिगल नावाचा जर्मन माळी, लंडनच्या क्यू गार्डनमध्ये काम केलेला, बडोद्याच्या बागा सांभाळायला आला, हाच माणूस नंतर बंगळूरच्या लालबागेत गेला. नदीत मगरी आहेत बरं का, खऱ्याखुऱ्या, तेव्हा सेल्फीसाठी काठावर उतरू नका.

म्युझियम उघडलं की थेट आत. इमारत 1894 ला पूर्ण झाली. वेळ कमी असेल तर इजिप्तची ममी, बडोद्यातल्याच अकोट्याला सापडलेल्या जैन ब्राँझ मूर्ती आणि देवमाशाचा सांगाडा, एवढं तरी चुकवू नका. हा निळा देवमासा 1944 ला मही नदीच्या मुखाशी डबका गावाजवळ वाहून आला होता, लांबी सत्तर फुटांच्या आसपास, लोक शेपटीपर्यंत चालत जाऊन फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही पुढच्या परांपाशी थांबा आणि मुलांना हाडं नीट बघायला सांगा, माणसाच्या हातासारखी बोटं दिसतात, आणि तोंडात दात कुठे आहेत तेही शोधू दे, सापडणार नाहीत, कारण या देवमाशाला दातच नसतात.

फुलांचं घड्याळ जाता जाता. तारांगणाचा शो कुठल्या भाषेत आहे ते तिकीट काढण्याआधी विचारा, नाहीतर आजी आत जाऊन झोपतात.

आता ट्रेन.