मानवी मॉडेल आधी नीट बसवा, मग आपटा

उद्यमबागेतल्या शॉपमध्ये किंवा बेळगावच्या कॉलेजात ब्रॅकेट-गिअरचं एफईए (भागाचे बारीक तुकडे पाडून संगणकावर ताण काढणं) केलेला माणूस गाडीच्या धडकेसाठीचं मानवी देहाचं संगणकी मॉडेलही थेट रनला लावतो, आणि तिथंच फसतो. धडक १२० मिलिसेकंदांत आटोपते. दिवस जातात ते देह सीटवर बसवण्यात.

टोयोटाचं थम्स हे देहाचं मॉडेल २०२१ पासून मोफत आहे. तरी सुरुवात खुल्या वीवा प्लस या मॉडेलपासून करावी. त्याचं मूळ मॉडेल बाईचं आहे: उंची १६२ सेंमी, वजन सुमारे ६२ किलो. ओपनरेडिओस हा सॉल्व्हर (गणित सोडवणारं सॉफ्टवेअर) फुकट असला तरी एलएस-डायना या दुसऱ्या सॉल्व्हरची सगळी कीवर्ड (इनपुट फाइलमधल्या आज्ञा) घेईलच असं नाही. आधी नुसता पाय वेगळा काढून चालवून बघा.

युनिट आधी जुळवा. मिमी-मिलिसेकंद-किलोत गुरुत्व ०.००९८१ आणि ताशी ५० किमी म्हणजे १३.८९, मिमी-सेकंद-टनात हेच ९८१० आणि १३,८९०. सीट एकात नि देह दुसऱ्यात असला तर सॉल्व्हर हूं की चूं करत नाही, घनता मात्र हजारपट चुकते.

आता बसवणं. सीटच्या फोमचा १०० मिमीचा ठोकळा कापून कॉलेजच्या यूटीएमवर (दाबून-ताणून बघायच्या यंत्रावर) ८० टक्क्यांपर्यंत दाबा आणि तोच कर्व्ह वापरा; नेटवरून उचललेला नको. हातपाय कळसूत्री बाहुलीसारखे केबलने हळू ओढून जागेवर आणा. मग देह फोमच्या १० मिमी वर ठेवून, डॅम्पिंग लावून, नुसत्या गुरुत्वाने २००-३०० मिलिसेकंद खाली येऊ द्या. सीट, पाठ आणि फ्लोअर मिळून उभं बल ६०८ न्यूटनच्या (६२ किलोच्या भाराच्या) आसपास स्थिरावलं की देह बसला. फोमला पडलेला खड्डाही पुढच्या रनमध्ये न्यायचा. घाईत देह फोममध्ये नुसता खुपसला तर पहिल्याच क्षणी कॉन्टॅक्ट (दोन पृष्ठभाग एकमेकांत शिरू न देणारा नियम) त्याला वर फेकतो आणि धडकेआधीच बेल्टवर लोड दिसतो.

कमरेचा बेल्ट मांडीच्या घडीलगत, कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकांसमोर हवा. पोटावर ठेवलात तर देह त्याखालून सरकेल, आणि दोष तुम्ही सीटला द्याल.

निपाणी-बेळगाव हायवेवरची उसाची ट्रॉली मागून ठोकायची असेल तर सपाट बॅरिअरचा पल्स (वेळेगणिक गाडीचं त्वरण) चालणार नाही. बॉनेट ट्रॉलीखाली शिरतं, सुरुवातीला वेग फारसा कमी होत नाही, आणि ट्रॉलीची कड काच-पिलर घेऊन आत येते. तेव्हा नुसती स्लेड (फक्त सीट नि देह घेऊन पल्स देणं) पुरत नाही, गाडीचा पुढचा भागही मॉडेलमध्ये घ्या.

टाइमस्टेप (एका पावलाचा वेळ) ०.५ मायक्रोसेकंद धरला तर २,४०,००० पावलं होतात. वळिवात लाइट जाते, म्हणून दर २०,००० पावलांना रीस्टार्ट फाइल लिहा. ‘निगेटिव्ह व्हॉल्यूम’ (एलिमेंट म्हणजे मेशचा तुकडा चिरडून उलटा होणं) बहुधा ढुंगणाच्या किंवा पोटाच्या मऊ एलिमेंटात येतं: मेश सुधारा, इंटीरिअर कॉन्टॅक्ट (एलिमेंट आतून चिरडू न देणारा) लावा, टाइमस्टेपचा गुणक ०.९ वरून ०.६७ करा. मास स्केलिंगने (टाइमस्टेप मोठा ठेवायला एलिमेंटचं वजन वाढवून) ते झाकू नका. वाढलेलं वजन ५ टक्क्यांच्या आत राहिलं पाहिजे. अवरग्लास ऊर्जा (एलिमेंटच्या खोट्या वाकण्यात जाणारी) अंतर्गत ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली हवी, आणि ती एकूण न बघता पार्टवार बघा, मेंदूची तर आधी.

एचआयसी१५ (१५ मिलिसेकंदांच्या खिडकीतला डोक्याच्या इजेचा निर्देशांक) ची मर्यादा ७००. त्वरण कवटीच्या गुरुत्वमध्याच्या नोडवरून, सीएफसी १००० हा गोंगाट गाळणारा फिल्टर लावून, जी मध्ये बदलून घ्या. कातडीवरचा नोड घेतलात तर हातात येतो तो नुसता खडखडाट.